माणच्या मागची चाळीस किलोमीटर

हिंजवडीचा तिसरा टप्पा संपतो तिथे माण सुरू होतं, असं लोक म्हणतात. खरं तर उलट आहे. माण आधीपासून होतं, तिसरा टप्पा त्याच्या जमिनीवर नंतर उभा राहिला. मुळशी तालुक्यातलं हे गाव आज बाहेरच्या माणसाला ओळखू येतं ते काचेच्या इमारतींमुळे, संध्याकाळच्या वाहतूक कोंडीमुळे आणि मेट्रोमुळे. माण ते शिवाजीनगर ही तिसऱ्या मार्गिकेची 23.3 किलोमीटरची वाट, तिची 23 स्थानकं आणि तिचा डेपो माणमध्येच. पण डेपोकडे पाठ करून पश्चिमेला तोंड केलं, की वेगळंच माण दिसतं. कापणी झालेली भातखाचरं, बांधावरची बाभळ, मुरमाच्या गाडीवाटा आणि मागे मुळशीच्या डोंगरांची निळसर रेघ.

जानेवारीतल्या एका रविवारी त्या माणमध्ये मी घोडीवर बसून चाळीस किलोमीटर जायला निघालो होतो.

ज्या घोडेस्वारी शाळेत मी तीन वर्षं दर रविवारी जातो, तिथल्या शिक्षकांनी शाळेच्याच स्वारांसाठी ही छोटीशी स्पर्धा ठेवली होती. स्वार अकरा, घोडे अकरा. गावाच्या कडेला एका शेतकऱ्याच्या मोकळ्या वावरात तळ. तिथून निघायचं आणि तिथेच परत यायचं, अशा तीन फेऱ्या. पहिली सोळा किलोमीटरची, दुसरीही सोळाची, शेवटची आठ किलोमीटरची.

घरी हे सांगितलं तेव्हा अब्बांनी पेपर खाली ठेवला आणि एकच विचारलं, "शर्यत आहे? पैसा लागलाय का त्यावर?"

अब्बांनी पुणे स्टेशनवर पंचवीस वर्षं टांगा चालवला. घोडा हा आमच्या घरात शौक नव्हता, रोजी होती. रेसकोर्सच्या नादाने घरं बसलेली त्यांनी पाहिली होती, म्हणून त्यांचा प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, "प्रवेश फी आहे, ती डॉक्टर आणि पाण्याच्या टँकरसाठी. बक्षीस म्हणजे एक फीत आणि एका पेंडवाल्याने दिलेलं चंदीचं पोतं. कुणी कुणाशी पैज लावत नाही." तेव्हा त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

आपल्याकडे घोड्याची शर्यत म्हटलं की जुगारच आठवतो, म्हणून इथे थोडं थांबून सांगतो. पैजेचा पैसा हराम आहे यात दुमत नाही. पण घोडा तयार करणं, त्याची चाल आजमावणं हे आपल्या दीनमध्ये नापसंत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः घोड्यांच्या शर्यती घेतल्या होत्या, आणि त्यांची हकिगत हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांच्याकडून आपल्यापर्यंत आली आहे. ते स्वतः त्यात धावले होते. त्या हकिगतीतली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सगळे घोडे एकाच अंतरावर पळवले नव्हते. जे घोडे खुराक आणि व्यायाम देऊन तयार केलेले होते, त्यांना मदीनेबाहेरच्या हफयापासून सनियतुल विदापर्यंत पाच-सहा मैल पळवलं. जे तयार केलेले नव्हते, त्यांना सनियतुल विदापासून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंत सुमारे एकच मैल. म्हणजे जनावराची तयारी पाहून अंतर ठरलं, माणसाची हौस पाहून नाही.

आज जगभर लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीचे जे नियम आहेत, त्यांचा गाभाही हाच आहे. या स्वारीचे मुख्य दोन प्रकार. एकाला एन्ड्युरन्स म्हणतात. त्यात जो आधी पोहोचेल तो पहिला, मात्र घोडा तपासणीत सुदृढ ठरला तरच. 1955 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 24 तासांत 100 मैलांची टेविस कप स्वारी सुरू झाली, आणि आजच्या एन्ड्युरन्सची सुरुवात तिथून धरतात. दुसरा प्रकार म्हणजे ट्रेल राइडची स्पर्धा. त्यासाठी 1961 साली तिकडेच वेगळी संघटना निघाली. यात आधी पोहोचून काही फायदा नाही. कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा वेळ ठरवून दिलेला असतो. लवकर आलात तरी गुण जातात, उशिरा आलात तरी जातात. गुण मिळतात ते घोडा किती ताजातवाना परत आणला, याचे.

आमची स्पर्धा या दुसऱ्या जातीची होती. चाळीस किलोमीटरसाठी प्रत्यक्ष स्वारीचा वेळ सव्वातीन ते चार तास. प्रत्येक फेरीनंतर जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी. उभ्या, शांत घोड्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला साधारण तीस-चाळीस असतात. धावून आल्यावर ते शंभराच्या वर जातात. ठरलेल्या मिनिटांच्या आत ते 64 वर उतरले पाहिजेत. नाही उतरले, तर स्पर्धा तिथेच संपली. मग डॉक्टर हिरडी बोटाने दाबून रंग किती लवकर परत येतो ते पाहतात, खांद्याची कातडी चिमटीत धरून अंगात पाणी किती उरलंय ते पाहतात, पोटाला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतात. शेवटी कडक जमिनीवर घोडा दुडक्या चालीने पळवून दाखवायचा, लंगड आहे का ते कळायला.

प्रत्येक स्वाराबरोबर दोन मदतनीस हवे होते. माझी चौदा वर्षांची मुलगी आधीच तयार होती. तिच्या टेबलासमोर केरळच्या निदा अंजुम चेलाटचा फोटो चिकटवलेला आहे. निदाने सप्टेंबर 2023 मध्ये फ्रान्समध्ये कनिष्ठ व युवा स्वारांच्या जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेत 120 किलोमीटरची वाट 7 तास 29 मिनिटांत पुरी केली. ती पुरी करणारी ती पहिली भारतीय. पुढच्याच वर्षी तिने मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत 160 किलोमीटर पार केले. मलप्पुरम जिल्ह्यातली एक मुस्लिम मुलगी हे करते, तर आपण नाडी तरी मोजू, असं आमच्या कन्येचं म्हणणं. दुसरा मदतनीस मिळेना. मी भीत भीत अब्बांना विचारलं. ते म्हणाले, "येतो. पण मी बोललो तर ऐकावं लागेल."

फजर आम्ही तळावरच पढलो. तिघांनी चटई टाकली ती भाताच्या धसकटावर. वावरात गुडघाभर धुकं होतं आणि त्यातून घोड्यांच्या नाकाचे फुरफुरीचे आवाज येत होते. डोंगराच्या बाजूला अजून अंधार होता, मागे मात्र कंपन्यांचे दिवे रात्रभर जळत होते तसेच जळत होते. नमाज होताच अब्बा सरळ घोडीकडे गेले. शबनम तिचं नाव. कुमैत रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, बांध्याने छोटी, देशी. अब्बांनी तिच्या मानेवरून, पाठीवरून, मग चारही पायांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जनावर चांगलं आहे. जीन एक बोट मागे घे."

जीन, लगाम, रिकीब, नाल, खरारा, तोबरा. हे शब्द मराठी माणूस रोज वापरतो आणि त्यांतले बरेचसे फारसी-अरबीतून आले आहेत हे विसरून जातो. शिलेदार आणि बारगीरसुद्धा तसेच आलेले. महाराष्ट्रात कितीतरी मुस्लिम घरांचं आडनावच नालबंद आहे. आणि ज्या भीमथडीच्या तट्टांनी मराठ्यांच्या फौजा दूरदूर नेल्या, ती याच पुणे जिल्ह्यातल्या भीमेच्या खोऱ्यातली. अलीकडेच भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली आहे. घोड्याच्या पाठीवर हा इतिहास वाचावा लागत नाही, पट्टा आवळताना तो हाताला लागतो.

सव्वासात वाजता, सूर्य वर येताना, बिस्मिल्लाह करून निघालो.

पहिली फेरी घोटावड्याच्या बाजूला होती. डांबरी रस्ता टाळून शिवारातल्या वाटेने जायचं. सुरुवातीचे दोन किलोमीटर मात्र सुटका नव्हती. सिमेंट कालवणाऱ्या गाड्या, पाण्याचे टँकर, नव्या इमारतींचे पत्र्याचे कुंपण. एका टँकरवाल्याने आम्हाला पाहून इंजिनच बंद केलं आणि सगळे अकरा घोडे जाईपर्यंत थांबला. त्यानंतर आवाज मागे पडत गेला. खाचरं आली. मुळशीचा आंबेमोहोर याच पट्ट्यातला. पीक निघून गेलं होतं, पण खळ्याजवळून जाताना पेंढ्याचा वास येतच होता. हरभऱ्याच्या एका तुकड्यात वाकलेल्या आजीबाईंनी उभं राहून विचारलं, "वरात कुनाची रं?" मी म्हणालो, "आजी, वरात नाही, स्पर्धा." त्या म्हणाल्या, "मग पळवा की! असे रमतगमत काय चाललात?"

हेच तर अवघड होतं. पुढे रिहे खोऱ्याकडचे डोंगर उन्हात उजळत होते, वाट मऊ होती, शबनमचे कान पुढे होते आणि तिला पळायचं होतं. लगाम धरून दुडक्या चालीवर ठेवणं हीच स्वारी. सोळा किलोमीटर एक तास पंचवीस मिनिटांत झाले. तळावर येताच मुलीने नळी लावली, घड्याळ धरलं. पंधरा सेकंदांत पंधरा ठोके, म्हणजे मिनिटाला साठ. सहाव्या मिनिटालाच डॉक्टरांपुढे गेलो आणि सगळ्या तपासण्यांत चोख ठरलो. अब्बा ओल्या फडक्याने तिचं नाक, छाती आणि पायांच्या आतली बाजू पुसत होते. पाठीवर, पुठ्ठ्यावर पाणी ओतू दिलं नाही. "दमलेल्याच्या पाठीवर एकदम गार नको," म्हणाले.

अर्ध्या तासाने दुसरी फेरी. ही कासारसाईच्या धरणाकडची, उत्तरेला. ही वाट कडक आहे. मुरूम, मध्येच उघडा खडक आणि चढउतार. धरणाचं पाणी पहिल्यांदा दिसलं तेव्हा सगळेच स्वार क्षणभर गप्प झाले. पाण्यावर वाफ नव्हती आता, ऊन चढलं होतं, काठावर बगळे. जवळच संत तुकाराम साखर कारखाना असल्याने या दिवसांत उसाची ये-जा असते. एका वळणावर बैलगाड्यांची रांग समोरून आली. आम्ही बाजूला उभे राहिलो. बैलांचे खांदे ओझ्याने वाकलेले, जुवाखाली फेस. शेवटच्या गाडीवर एक पोर उसावर झोपलं होतं. आम्ही हौसेने जनावर दमवत होतो आणि समोरून पोटासाठी दमलेली जनावरं जात होती. मला अब्बांचा टांगा आठवला, आणि उगाच शरमल्यासारखं झालं.

परतताना एका खडकाळ उतारावर शबनमचा डावा पुढचा पाय किंचित चुकला. एकच पाऊल. लगेच सावरली आणि तशीच दुडकत राहिली. मी खाली वाकून पाहिलं, काही दिसलं नाही. दुसरी फेरी दीड तासात झाली.

या वेळी नाडी पाचव्या मिनिटाला अडुसष्ट होती. अकराव्या मिनिटाला चौसष्ट. वेळेत बसलो. हिरडी, कातडी, आतडी ठीक. मी लगाम धरून तिला पळवून दाखवली. डॉक्टरांनी पुन्हा एकदा पळवायला सांगितलं, मग म्हणाले, "पास."

एकूण दोन तास पंचावन्न मिनिटं झाली होती. आठ किलोमीटर उरले होते आणि हातात एक तास पाच मिनिटं. सावकाश नेलं तरी वेळेत बसत होतं. आमच्या आधीच्या तीन घोड्यांना नाडीसाठी जास्त वेळ लागला होता. फीत माझीच, असं मनात येऊन गेलं.

अब्बा खाली बसले होते. डाव्या पुढच्या खुरावर त्यांनी तळहात ठेवला होता. मग उजव्यावर ठेवला. पुन्हा डाव्यावर. म्हणाले, "हा गरम आहे."

मी हात लावला. मला दोन्ही सारखेच वाटले. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी चांगला वेळ घेतला आणि सरळ सांगितलं, "थोडा फरक आहे. पण लंगडत नाही. नियमाने तुम्ही पास आहात. पुढे जायचं की नाही, हे स्वाराने ठरवायचं."

मी आठ महिने यासाठी पहाटे उठलो होतो. मी अब्बांना म्हणालो, "आठच किलोमीटर आहेत. चालवत नेतो. तुम्ही टांगा तर चाळीस चाळीस किलोमीटर हाकलाय रोज."

अब्बा उठले नाहीत. खुरावरचा हात तसाच ठेवून बोलले. "आपला शेवटचा घोडा आठवतो तुला? रिक्षा वाढल्या म्हणून विकला, असं मी तुम्हाला सांगितलं. रिक्षा वाढल्या होत्या, ते खरंच. पण त्या दिवशी त्याचा पाय असाच गरम होता. रात्रीची वेळ, हडपसरची सवारी, दुप्पट पैसे देत होते. तुझ्या बाजीची फी भरायची होती. मी म्हटलं, लंगडत तर नाही. येताना तो तीन पायांवर आला. दोन महिने उभा होता. मग मी त्याला दिला. कुणाला दिला, ते तुझ्या अम्मीलाही सांगितलं नाही."

मुलगी नळी गळ्यात घालून उभी होती. ती दादाअब्बांकडे पाहत होती, मग माझ्याकडे पाहू लागली.

"मला गरज होती," अब्बा म्हणाले. "तुला कसली आहे?"

प्रेषितांनी (स.) एकदा पोट पाठीला लागलेला उंट पाहिला, तेव्हा या मुक्या जनावरांच्या बाबतीत अल्लाहला भिऊन वागा, अशी ताकीद दिली होती. ती हदीस मी मुलीला अनेकदा शिकवली होती. शिकवणं सोपं असतं. मी डॉक्टरांच्या टेबलाशी गेलो आणि माझ्या नंबरापुढे 'स्वाराने माघार घेतली' असं लिहून सही केली.

खोगीर उतरवलं. खूर पाण्याच्या बादलीत धरून बसलो. बाकीचे दहाजण शेवटच्या फेरीला निघाले, तेव्हा शबनमने मान उंच करून त्यांच्या मागे एक लांब हाक दिली. ती ऐकवली नाही. दहापैकी आठजण पूर्ण करून आले. फीत एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला मिळाली. तिचा घोडा इतका शांत परतला होता, की वावरातलं गवत खात उभा राहिला. आम्ही तिघांनीही जाऊन तिचं अभिनंदन केलं. चंदीच्या पोत्यातली दोन मापं तिने आपण होऊन शबनमच्या तोबऱ्यात ओतली.

दुसऱ्या दिवशी नालबंदाने नाल काढून पाहिली. तळव्यावर बोटाच्या पेराएवढा लाल डाग होता, दगडाचा मार. आठ दिवस विश्रांती द्या, मोठं काही नाही, म्हणाला. म्हणजे कदाचित ती आठ किलोमीटर गेलीही असती. कदाचित नसती. हे आता कधीच कळणार नाही, आणि तसं न कळण्यातच सही करण्याचा अर्थ होता, असं मला वाटतं. नक्की कळलं असतं, तर तो निर्णय राहिलाच नसता.

त्या दिवशी परत निघालो तेव्हा दुपार टळत आली होती. मेट्रोच्या खांबांखालून गाडी हळूहळू सरकत होती. रविवार असूनही कोंडी होतीच. मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "अब्बू, आपण हरलो का?" मी काही बोलायच्या आत अब्बांनीच तिला प्रेषितांच्या (स.) अदबा या सांडणीची गोष्ट सांगितली. ती कधी मागे पडत नसे. एकदा एक बदू तरुण उंटावर आला आणि तिच्या पुढे गेला. सहाबांना फार वाईट वाटलं. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना समजावलं, की या दुनियेत जे जे वर चढतं, त्याला अल्लाह कधी ना कधी खाली आणतोच. गोष्ट सांगून झाल्यावर अब्बा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

वाकडच्या पुलावर आल्यावर ते म्हणाले, "पुढच्या रविवारी मला पण घेऊन चल. त्या पायाला मी रोज पाहिलं असतं, पण लांब आहे." मग थोड्या वेळाने, "आणि वाटेत हरभरा घे किलोभर. तुमच्या शाळेतली चंदी मला काही पसंत पडली नाही."

आता दर रविवारी आम्ही तिघं जातो. मुलगी स्वारी शिकते. अब्बा तबेल्यात एका उलट्या बादलीवर बसतात आणि एकेक घोडा त्यांच्यापुढून नेला जातो. शाळेतली तरुण पोरं त्यांना 'चाचा' म्हणतात आणि खुरावर हात ठेवून विचारतात, "चाचा, हा गरम आहे का?" पुढच्या जानेवारीत पुन्हा तीच वाट आहे, माण, घोटावड्याची बाजू, कासारसाई. या वेळी शबनमवर माझी मुलगी बसावी, अशी घरात चर्चा आहे. इन्शाअल्लाह. निर्णय दादाअब्बांचा आहे, आणि ते अजून शबनमचे पाय पाहत आहेत.